मागच्या बाकावरचे सर्वनाम

३ ऑगस्ट

चिरंजीवास,

चौदा महिन्यांनी तुझे अक्षर पाहिले. पत्र चार ओळींचे आहे आणि त्यांत तीन चुका आहेत. 'लिहीणार' नव्हे, 'लिहिणार'. 'परंतू' नव्हे, 'परंतु'. आणि 'टिंबूची पत्रे लाल करून परत पाठवू नका' असे जे तू लिहिले आहेस, त्याबाबत सांगायचे तर मराठीत डोळे लाल करतात, फार तर कान. पत्रे लाल करत नाहीत. आशय मात्र पोहोचला.

पत्रे मी परत पाठवतो ती शिक्षा म्हणून नव्हे. तुझी मुलगी मला दर पंधरवड्याला एक पत्र लिहिते. मी चुकांखाली लाल रेघ ओढतो, समासात शुद्ध रूप लिहितो आणि माझ्या उत्तराबरोबर तेच पत्र तिला परत धाडतो. इथे असताना ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून हेच करत असे, आणि हसतखेळत करत असे. तुम्ही तिला टिंबू म्हणता. परंतु मूळ नाव माझे आहे, 'अनुस्वार'. चालायला लागली तेव्हापासून ती माझ्या खांद्यावर चढून, डोक्याला धरून बसत असे, आणि अनुस्वाराची जागा अक्षराच्या डोक्यावरच असते.

आता तिच्या शाळेविषयी. इथल्या ज्या शाळेचा मी एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो, तिथे तिच्या वर्गात बावन्न मुले होती. बाके एका ओळीत. उत्तर द्यायचे ते उभे राहून आणि पूर्ण वाक्यात. दुसरीत तिने पाठांतराचे पहिले बक्षीस घेतले. तिकडच्या शाळेत, तिच्याच पत्रांवरून सांगतो, अठरा मुले आहेत, टेबले षटकोनी आहेत, बूट दारात काढायचे असतात, शिक्षिका जमिनीवर बसते आणि खोडरबराला बंदी आहे. बंदी! 'चूक पुसू नये, ती दिसू द्यावी,' असे तिच्या बाईंचे म्हणणे. मग गटारेही उघडीच ठेवावीत.

परिणाम समोर आहे. गेल्या तीन पत्रांत अनुस्वाराने एकच चूक अकरा वेळा केली. 'आज आपण पानांचे ठसे काढले.' 'मग आपण खिडकीजवळ बसलो.' 'आपण गोष्ट ऐकली.' तिथे 'आम्ही' हवे. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात आला. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहिला. आपल्या भाषेने एवढे एक कुंपण नेटके घातले आहे. मी पानांचे ठसे काढलेले नाहीत. तिकडच्या भाषेत दोहोंना एकच शब्द आहे म्हणे, तेव्हा पोरीचा गोंधळ समजू शकतो; परंतु समजून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. अकराही ठिकाणी रेघ ओढली आहे आणि खाली नियम लिहिला आहे.

तुझी प्रकृती कशी आहे ते तू लिहिलेले नाहीस. लिहिलेच पाहिजे असे नाही.

तुझे वडील


२४ ऑगस्ट

चिरंजीवास,

तुझ्याकडून उत्तर नाही. अनुस्वाराचे आले. ते जसेच्या तसे उतरवतो:

'आजोबा, तुम्ही आपणखाली रेघ मारलीत ती बरोबर नाही. तुम्ही होतात ना. तुम्ही मागच्या बाकावर बसता, कोटांच्या खाली. पानांचे ठसे काढले तेव्हा पण होतात. तुम्ही दुपारची शाल घेऊन येता. इथे सकाळ असते, पण कोणी काही विचारत नाही.'

प्रथम व्याकरण. 'होतात' हे रूप तिने अचूक लिहिले आहे. भलेभले वक्ते 'तुम्ही होता' म्हणून मोकळे होतात. मला अभिमान वाटला.

आता आशय. मुलांना आठवण आली की ती माणसांना हवे तिथे बसवतात. यात काळजीचे कारण दिसत नाही. शेजारच्या कंपाउंडरांना पत्र वाचून दाखवले. ते निवृत्त झाले असले तरी दिवसातून दोनदा माझी नाडी पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, तिकीट न काढता परदेशवारी! पासपोर्ट तरी दाखवलात का कोणाला?" आम्ही दोघेही हसलो. निदान ते हसले.

'दुपारची शाल' म्हणजे कोणती, हे तिला माहीत आहे. जेवणानंतर खिडकीजवळच्या खुर्चीत मी दोन ते तीन डोळा लावतो, तेव्हा गुडघ्यांवर घेतो ती. पोर ती विसरलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

तरी एक काम कर. तिला शाळेत सोडायला जाशील तेव्हा वर्गाच्या मागच्या बाजूला कोट टांगायची जागा आहे काय, आणि तिच्याखाली बाक आहे काय, ते पाहून कळव. केवळ जिज्ञासा.

तुझे वडील


१३ सप्टेंबर

चिरंजीवास,

सूनबाईचा फोन आला, तेव्हा तू त्याच खोलीत होतास. तरीही संभाषण लिहून ठेवतो, कारण तू अर्धेच ऐकले असशील.

"बाबा, टिंबू वर्गात बोलत नाही. तीन आठवडे झाले."

"घरी?"

"घरी चुरुचुरु बोलते. कान किटतात. वर्गात एक शब्द नाही."

"नवी भाषा आहे. मुलाला वेळ लागतो."

"भाषा तिला आता आमच्यापेक्षा बरी येते हो. मला दुकानात शिकवते. बाईंनी विचारलं की ती उभी राहते. तिथं उभं राहायची पद्धत नाही, तरी राहते. तोंड उघडते. मग मागे वळून बघते, आणि तोंड तसंच."

"आ वासून?"

"आ वासून नाही, बाबा. आवाज येतो. आ, आ, आ. नुसता आ. आणि मग बसते."

मी विचारले, मागे काय आहे. ती म्हणाली, काही नाही, मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या. आणि खाली बूट घालताना बसायला एक बुटके बाक. बाईंनी तिला शेवटी विचारले होते, 'घरी तुला कोण चुका सांगतं?' त्यावर पोरीने बाकाकडे बोट दाखवले. "तुम्ही तिची पत्रं तपासायची थांबवा ना थोडे दिवस," असे सूनबाई म्हणाली. मी म्हणालो, बालमानसशास्त्राची ही फॅशन मी तीनदा येताना आणि तीनदा जाताना पाहिली आहे; रेघेने कोणी मुके होत नाही.

तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. "ठेव."

पंधरा महिन्यांत ऐकलेला तुझा तो एकमेव शब्द. तो तू न अडखळता म्हणालास. 'ठ' तुला कधीच अडला नाही. तुला फक्त 'आ' अडतो. ते असो.

रेघा मी थांबवलेल्या नाहीत. पण पेन बदलले आहे. आता हिरवे वापरतो.

तुझे वडील


४ ऑक्टोबर

चिरंजीवास,

या वेळी तिने पत्राऐवजी चित्र पाठवले आहे. फळ्याच्या बाजूने पाहिलेला वर्ग. अठरा मुले, सर्वांची तोंडे कोरी ठेवलेली. मागच्या भिंतीला खुंट्या, खुंट्यांना कोट, आणि कोटांच्या खाली बाकावर एक म्हातारा. बाक इतके बुटके की त्याचे गुडघे छातीशी आले आहेत. गुडघ्यांवर शाल. त्याच्या स्वेटरची बटणे एकेक काज चुकवून लावलेली आहेत. एक टोक वर गेले आहे, दुसरे खाली लोंबते आहे. त्याचे तोंड मात्र कोरे नाही. चित्रावर तारीख घातली आहे, आणि ती बुधवारची आहे.

त्या बुधवारी सकाळी मी स्वेटरची बटणे चुकीची लावली. ते संध्याकाळी आरशात पाहिले तेव्हा मला कळले. माझ्या आयुष्यात असे तोवर झाले नव्हते, म्हणून दिवस लक्षात आहे. हे मी कोणालाही लिहिले नव्हते.

कंपाउंडरांना चित्र दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि प्रथमच थट्टा केली नाही. मग म्हणाले, "गुरुजी, बोलू का नको असं झालंय. बुधवारी सव्वादोनला मी आलो होतो. तुम्ही खुर्चीत झोपला होतात. पण मान हलत होती."

"डुलकी लागली असेल."

"डुलकीनं मान खाली जाते हो. तुमची आडवी हलत होती. अशी. नाही, नाही, नाही. डोळे मिटलेले आणि मान आपली चाललीय लंबकासारखी. मी म्हटलं, झोपेतही पेपर तपासतायत."

आता जे तुला लिहिले नव्हते ते लिहितो. चित्र येण्यापूर्वीच मला ते बाक माहीत होते. ऑगस्टमध्ये मी तुला 'जिज्ञासा' असे लिहिले, तो शब्द खरा नव्हता. दुपारी डोळा लागला की मी तिथे असतो. ओल्या लोकरीचा वास येतो. उजव्या हाताला निळ्या झडपेचा पाण्याचा नळ आहे, तो नीट बंद होत नाही. (हा नळ चित्रात नाही. तू जाऊन पाहा.) मुलांना मी दिसत नाही, बाई माझ्या पावलांवरून जमीन झाडून जातात. फक्त ती वळून पाहते. बाईंनी काही विचारले की ती उभी राहते, वाक्य सुरू करते, पहिल्याच शब्दाला मागे वळते, आणि मी मान हलवतो.

मुद्दा हा नाही. मुद्दा असा आहे की मला ती भाषा येत नाही. एक शब्दही येत नाही. तिचे वाक्य चूक आहे की बरोबर, हे मला कळण्याचा काही मार्ग नाही.

तरी मी मान हलवतो.

तुझे वडील


१९ ऑक्टोबर

बाळ,

पंधरा दिवस मी दुपारी झोपलो नाही. जेवण झाले की उभा राहतो, फेऱ्या घालतो, डोळ्यांवर पाणी मारतो. कंपाउंडर पत्ते घेऊन येतात आणि मुद्दाम चुकीचे पान टाकतात, म्हणजे मी भांडेन आणि जागा राहीन. उपयोग झाला नाही. मंगळवारी दोन वाजता मी चहाचे आधण ठेवले. पाहतो तो अडीच वाजले होते, पातेले कोरडे ठणठणीत होऊन करपले होते आणि मी तसाच उभा होतो. डावा खांदा ओला होता. ओल्या कोटाची बाही टपकत राहावी, तसा एकाच जागी ओला. इथे तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. सूनबाईला फोन करून विचारले, तिकडे काय. म्हणाली, "सकाळपासून नुसती झोड उठलीय."

आणि पोर अजून बोललेली नाही. काल सूनबाई रडली. नाताळाच्या सुट्टीआधी तिला वेगळ्या शाळेत हलवायचे म्हणतात. न बोलणाऱ्या मुलांच्या. ते व्हायला नको. तिला काही झालेले नाही. तिच्या मागे मी बसलो आहे, एवढेच तिला झाले आहे.

म्हणून आता तुला एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीस वर्षे मी ती सांगितली नाही.

तू नऊ वर्षांचा होतास आणि माझ्याच वर्गात होतास. तपासणीला साहेब आले होते. त्यांनी तुला उठवले आणि विचारले, काल सुट्टीत काय केलेस? मी वर्गाच्या मागे उभा होतो. तू म्हणालास, "काल आम्ही नदीवर गेलो होतो." नदीवर मीही होतो, तुझा हात धरून मीच तुला पाण्यात उतरवले होते. मी मान हलवली. माझ्या मनात एवढेच होते की मीही होतो, तेव्हा 'आपण' म्हण. तू मला पाहिलेस. पुन्हा सुरुवात केलीस. 'आम्ही' म्हणावे की 'आपण', ते तुला ठरवता येईना, आणि दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच. आ, आ, आ. बावन्न मुले हसली. साहेबही हसले. मी हसलो नाही, पण मी पुढेही आलो नाही.

घरी गेल्यावर मी विचार केला. तू बोलत होतास साहेबांशी. साहेब नदीवर नव्हते. तेव्हा 'आम्ही' हेच बरोबर. तुझे वाक्य निर्दोष होते. त्याच संध्याकाळी हे मला कळले. मी सांगितले नाही, कारण मुख्याध्यापक चुकला हे मुलाला कळता कामा नये, असे मला वाटत होते.

त्यानंतर तू आईला कधी हाक मारली नाहीस. मारता येत नव्हती. तिच्यासमोर जाऊन उभा राहत असस, आणि ती 'काय रे राजा' म्हणेपर्यंत थांबत असस. तिने मला कारण कधी विचारले नाही. जाईपर्यंत विचारले नाही. मला वाटते तिला ठाऊक होते.

उद्या दुपारी मी झोपणार आहे. पडदा ओढून, शाल घेऊन, समजूनउमजून. मला तिथे जायचे आहे.

बाबा


२ नोव्हेंबर

बाळ,

गेलो होतो.

ती उभी राहिली. तोंड उघडले आणि वळली. माझी मान हलू लागली. मी हलवली नाही. ती आपली आपण हलू लागली, जशी सवयीने पावले घराकडे वळतात तशी. मग मी दोन्ही हातांनी हनुवटी धरली. चाळीस वर्षांची सवय दोन हातांना आवरत नाही. मानेत कळ आली, डोळ्यांत पाणी आले. पण धरली, आणि धरून खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली नेली. लहान मुलाला घास भरवताना त्याची मान आपण वळवतो, तसे मी स्वतःला 'हो' म्हणायला लावले.

ती पाहत राहिली. मग फळ्याकडे वळली आणि बोलली.

लांबलचक वाक्य होते. मला त्यातले काही कळले नाही. मध्ये दोनदा थांबली, एकदा मागे जाऊन पुन्हा सुरू केले, म्हणजे चुका असणारच. कोणी दुरुस्त केल्या नाहीत. ती बोलतच राहिली, बाकीची मुले तिच्याकडे वळली, त्यांच्यापैकी एकाने काहीतरी विचारले आणि तिने उत्तर दिले. मी उठलो. त्या बाकावरून उठायला फार वेळ लागला. अठरा बुटांच्या जोड्यांच्या कडेने दाराबाहेर आलो. जागा झालो तेव्हा साडेचार वाजले होते आणि कंपाउंडर माझे मनगट धरून बसले होते. म्हणाले, "अहो, नाडी सापडेना. घाबरवता काय राव!"

परवा अनुस्वाराचे पत्र आले. 'आज आम्ही चुंबकाचा खेळ केला. मग आम्ही अंगणात गेलो. आम्ही खूप बोलतो म्हणून बाईंनी आम्हाला वेगवेगळे बसवले.' चौदा वेळा 'आम्ही' आहे. प्रत्येक बरोबर. पत्रात माझ्याविषयी प्रश्न नाही, बाकाविषयी उल्लेख नाही. मी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

आता दुपारी झोप लागते ती नुसती झोप असते.

तुझ्याविषयी जे लिहिले, त्याला उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

बाबा


२३ नोव्हेंबर

बाळ,

तुझे पत्र मिळाले. चार पाने. मी ते उभ्याने वाचले आणि मग कंपाउंडरांकडून मोठ्याने वाचून घेतले, कारण मला वाटले की माझे डोळे मला फसवत असावेत.

तू लिहितोस: 'टिंबूच्या मागून आपण उठलात, मी आभारी आहे. पण बाबा, माझ्या मागून कधी उठणार? आमच्या ऑफिसात, बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून एक जास्तीची खुर्ची असते. मी तीन नोकऱ्या बदलल्या, खुर्ची तिन्ही ठिकाणी होती. पुलांचे नकाशे मी तपासतो, चूक मला दिसते, पण बोलायची पाळी आली की मी चिठ्ठी लिहून शेजाऱ्याकडे सरकवतो. मागे पाहत नाही, कारण काय दिसेल ते ठाऊक आहे. तिथे शाल नाही. पांढरा सदरा आहे, खिशात लाल पेन आहे, केस काळे आहेत. मला वाटले होते, अंतर वाढले की उठाल. म्हणूनच इतक्या लांब आलो. पहिल्याच सकाळी खुर्ची तिथे होती.'

कंपाउंडरांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली आणि नाडी न पाहताच घरी गेले.

बाळ, तिच्या वर्गात मी बसत असे ते मला आठवते. ते बाक, तो वास, तो नळ. तुझ्या मागे बसल्याचे मला काही म्हणजे काही आठवत नाही. तीस वर्षांतली एक दुपारही नाही. गेले चार दिवस मी रोज झोपलो, तुझी खोली कशी असेल याची कल्पना करून झोपलो. तिथे पोहोचलो नाही. जो तिथे बसला आहे तो माझ्या झोपेतून येत नाही. तो बेचाळीस वर्षांचा आहे. त्याला अजून कळलेले नाही की तुझे वाक्य बरोबर होते. ते त्या दिवशी संध्याकाळी कळले, आणि तो संध्याकाळपर्यंत पोहोचलेलाच नाही. मी त्याला इथून हाक मारू शकतो, परंतु तो ऐकेल असे वाटत नाही. त्याचा स्वभाव माझ्याइतका कोणाला ठाऊक आहे? तो कोणाचे ऐकत नसे.

म्हणून हे तुलाच करावे लागेल. आठ डिसेंबरला तुमची बैठक आहे, असे तू लिहिले आहेस. पाळी आली की चिठ्ठी लिहू नको. मागे वळ, त्याच्याकडे नीट पाहा आणि त्याला म्हण, 'ऊठ.' या शब्दात तुला अडणारे अक्षर नाही. वडिलांना 'उठा' म्हणावे हे मीच तुला शिकवले. ते त्याला लागू नाही. 'ऊठ' म्हण. त्याने मान हलवली तर पुन्हा म्हण. लोक काय म्हणतील याचा विचार करू नको. त्यांना तुझी भाषा येत नाही. तो उठला की ती खुर्ची उचलून खोलीबाहेर ठेव, आणि मग पुलात कुठे काय चुकले आहे ते त्यांना सांग.

त्या दिवशी दोन ते तीन या वेळात मी या घरातल्या कुठल्याही खुर्चीवर बसणार नाही. भिंतीशी उभा राहीन. तुला वेळ लागला, तर चारपर्यंत उभा राहीन.

बाबा